बांधापलीकडचा रोही

यासीन मिस्त्रींनी आमची बंदूक पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून चपलेपर्यंत, शिंपी बघतो तसं. मग म्हणाले, "उजवा हात लांब करा." मी केला. त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत वितीने मोजलं आणि बंदूक मागच्या खुंटीला टांगून टाकली.

"पंधरा दिवसांनी या."

"अहो, नुसती साफ करायची आहे."

"ही तुमच्या वडिलांची बंदूक. ते सहा फूट होते. तुम्ही हिच्याने बार काढला तर गोळी कुठे जाईल ते अल्ला जाणे, दणका मात्र तुमच्या दातांवर बसेल. मागचा लाकडी दस्ता कापावा लागेल."

मी धुळ्यात एका सरकारी कचेरीत कारकून. वडील गेल्यावर त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक आणि पीकसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर व्हायला दोन वर्षं लागली होती. त्या दोन वर्षांत मी मनातल्या मनात इतके बार काढले होते, की परवाना हातात पडला तेव्हा मी स्वतःला मुरलेला शिकारी समजत होतो. त्या माणसाला कोणीतरी दस्ता कापून बंदूक लहान करावी लागेल म्हणून सांगणं म्हणजे चारचौघांत विजार आखूड करून देण्यासारखं होतं.

मिस्त्रींचं दुकान जुन्या धुळ्यात, एका बोळाच्या तोंडाशी. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'बंदूक दुरुस्ती' आणि खाली बारीक अक्षरांत 'फवारणी पंप, स्टोव्ह, कुलपे'. पोट बारीक अक्षरांवर चालत होतं. बंदुका महिन्याला दोन आल्या तरी खूप. सत्तरीचा, काटक, पांढरी दाढी बारीक कातरलेला हा माणूस कपासाच्या हंगामात दिवसभर पंपांच्या नोझल फुंकत बसलेला असायचा. चहा बशीतून प्यायचा, आणि पिताना बोलायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी बशी रिकामी होईपर्यंत त्याला थांबावं लागे.

पंधरा दिवसांनी बंदूक मिळाली, पण काडतुसं विकत घ्यायला मनाई झाली. आधी परीक्षा. मिस्त्रींनी रिकाम्या बंदुकीच्या नळीवर, टोकाशी, एक चिंचोका ठेवला. "चाप ओढा. चिंचोका पडता कामा नये."

चिंचोका पडला. मी पुढचे तीन महिने रोज कचेरी सुटल्यावर त्या दुकानात उभा राहून चिंचोके पाडले. बोळातली पोरं गोळा व्हायची. एकदा एकाने विचारलं, "काका, हे काय करतात?" मिस्त्री नोझल फुंकता फुंकता म्हणाले, "साहेब चिंचोक्यांची शिकार करतात. आज चार मारले."

दुकानात कधीकधी नवे, दंड फुगवून चालणारे लोक यायचे. एकाने मोठ्या ऐटीत रायफल टेबलावर ठेवली आणि डोळा मारून विचारलं, "चाचा, हरणासाठी ही चालेल ना?" हरणावर बंदूक उचलणं म्हणजे तुरुंग, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मिस्त्रींनी बशी संपवली. "हरणाला दुर्बीण लागते," ते म्हणाले. "मेन रोडला मिळेल." आणि रायफल त्याच्याकडे सरकवली. तो गेल्यावर मला म्हणाले, "हत्यार विचारतो, पण जनावर किती जाड कातडीचं, किती लांब उभं राहणार, मागे काय असणार, हे एक अक्षर नाही विचारलं. याला हरीण नको आहे, फोटो पाहिजे."

आमचं वावर धुळ्याहून चाळीसगावच्या अंगाला, अगदी जिल्ह्याच्या कडेला. आमच्या शेवटच्या बांधापलीकडे जळगाव जिल्हा लागतो. तिथे रोही फार. घोड्याएवढं जनावर, रात्रीतून कळपाने येतं आणि हरभऱ्याचं वावर सपाट करून जातं. आमचे सालदार भिका नाना दर दोन दिवसांनी फोन करायचे, "भाऊ, बठ्ठा हरभरा खाई ग्यात." वन खात्याकडे रीतसर अर्ज केला, पंचनामा झाला आणि रोही मारायची परवानगी आली. त्यावर बार काढायची मुभा असलेली दोन नावं होती: वावराचा मालक म्हणून माझं आणि परवानाधारक नेमबाज म्हणून यासीन मिस्त्रींचं. अर्ज लिहिताना मिस्त्रींनी एवढंच सांगितलं होतं, "नीलगाय लिहू नका पाटील, रोही लिहा. गाय शब्दाशेजारी माझं नाव बरं दिसणार नाही." आम्ही दोघंही हसलो. ते जरा कमी हसले.

आता मला वाटलं, परवानगी आली म्हणजे झालं. मिस्त्रींच्या मते काम तिथून सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी ते बंदूक न घेताच आले. भर दुपारी सगळं वावर पायी फिरले. कपाशी वेचणाऱ्या बायांना विचारलं, किती वाजता येता, कुठल्या वाटेने. मोटारीची खोली कुठे, विहीर कुठे, शेजाऱ्याची बैलं कुठे बांधतात. मग एका जागी उभे राहून टाचेने मातीत रेघ ओढली. "इथून बार काढायचा तर त्या दोन बाभळींच्या मधेच. त्यांच्या मागे मातीचा चढ आहे, गोळी तिथे मरेल. डावीकडे वस्ती आहे, उजवीकडे रस्ता. तिकडे रोही नाचत आला तरी आपण बसून राहायचं."

हत्याराचंही तसंच. ते स्वतःची तीनशे पंधराची रायफल आणायचे. त्यांच्या वडिलांची होती, आणि मिस्त्रींनी अर्धं आयुष्य ती पुसण्यात घालवलं होतं. माझ्या बारा बोअरसाठी त्यांनी छर्ऱ्याची काडतुसं बंद करून टाकली. "रोहीला छर्रा मारायचा म्हणजे त्याला दहा भोकं पाडून हाकलून द्यायचं. चार दिवसांनी कोणाच्या तरी केळीत जाऊन कुजतं." एकगोळीची काडतुसं त्यांनी स्वतः निवडली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. माझी काडतुसं त्यांच्या खिशात, ही आमच्यातली रीत. सकाळी मला एक मिळायचं. वापरलं नाही तर परत द्यायचं. शाळेत खडू मिळतो तसं.

पहिला हंगाम असा गेला, की आठ-दहा सकाळी आम्ही गेलो आणि त्यांनी दोनदा बार काढला. दोन्ही रोही उभ्या जागी कोसळले. बाकीच्या वेळी रोही दिसायचे, पण कधी मान आमच्याकडे, कधी एकामागे दुसरा, कधी टेकाडाच्या माथ्यावर, मागे नुसतं आभाळ. मिस्त्री रायफल खाली ठेवायचे. भिका नाना वैतागून म्हणाले, "हाऊ मिस्त्री रोही मारस का रोहीना फोटो काढस?" मिस्त्री म्हणाले, "नाना, आज त्यानी तब्येत बरी नव्हती. उद्या देखूत."

मारलेल्या रोहीजवळ ते नेहमी मागच्या बाजूने जायचे, मेला की नाही बघायला काठीने डोळ्याला स्पर्श करायचे, आणि मग वन खात्याच्या ताब्यात देईपर्यंत जरा लांब जाऊन बसायचे. रोहीबद्दल 'शिकार' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. 'काम झालं' म्हणायचे.

दुसऱ्या हंगामात माझा पराक्रम झाला. डिसेंबरचं धुकं, अजून पुरतं उजाडलं नव्हतं. हरभऱ्यात पन्नास पावलांवर तपकिरी, उंच, मान खाली घालून चरणारी रोहीची मादी. आडवी. उभी. मी बंदूक खांद्याला लावली, आणि एकदम मला काही दिसेना. मिस्त्रींनी आपली टोपी काढून माझ्या डोळ्यासमोर धरली होती.

"आधी पाय बघा," ते कुजबुजले.

मी बघितले. पुढचे दोन्ही पाय दोरीने बांधलेले होते.

"रोही काय आपले पाय बांधून हरभऱ्यात येतो, पाटील?"

ती मेंढपाळांची घोडी होती. नाल्याकाठी त्यांचा वाडा, मेंढरांचा तळ, उतरला होता आणि घोडी पायबंद घालून चरायला सोडली होती. थोड्या वेळाने डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई आली, घोडीला दोन शिव्या घालून घेऊन गेली. आम्हा दोघांना बंदुका घेऊन बसलेलं बघून तिने विचारलं, "काय हारपलं का भाऊ?" मिस्त्री म्हणाले, "सापडलं, माय. थोडक्यात सापडलं."

ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. मीच सांगितली, कचेरीत, फक्त बंदूक त्यांच्या हातात देऊन.

तिसऱ्या हंगामापर्यंत मी एकही बार काढला नव्हता. गावात मला 'मिस्त्रीचा वाटाड्या' म्हणायला लागले होते. कचेरीत तर जेवणाच्या सुट्टीत रोज चौकशी व्हायची, "साहेब, आज रोहीने तुम्हाला मारलं का?" हे सगळं त्या दिवशी माझ्याबरोबर बांधावर बसलं होतं, एवढंच सांगायचं आहे. सबब म्हणून नाही.

फेब्रुवारीची सकाळ. मिस्त्री वावराच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. काडतूस हातात देताना ते नेहमीचं बोलले होते. "चाळीस पावलांच्या आत. आडवा. उभा राहिलेला. मागे माती. चारही असतील तर बार काढा. तीनच असतील तर खोका."

खोकायचं, म्हणजे तो पळून जाईल आणि मोह संपेल.

नर आला. काळसर निळा, गळ्याखाली केसांचा झुपका, चालताना खांदे हलत होते. आडवा उभा राहिला. मागे मातीचा चढ. तीन गोष्टी अगदी पुस्तकातल्यासारख्या होत्या. अंतर मात्र चाळीस पावलं नव्हतं. मला ते कळत होतं. मग मी स्वतःशी सौदा करायला लागलो, की माझी पावलं आखूड आहेत, मिस्त्रींची लांब. त्यांच्या पावलांनी मोजलं तर हे साठच भरेल, आणि साठ म्हणजे जवळजवळ पन्नास, आणि पन्नास म्हणजे चाळीसच. एवढं गणित मी शाळेत केलं असतं तर आज कारकून नसतो.

खोकलो नाही. चाप ओढला.

रोहीने पाठ कमानीसारखी वर केली, मागचे पाय झाडले आणि पळाला. मिस्त्री आले. रागावतील म्हणून मी तयार होतो. ते विचारतात काय, "कुठे लागलं?"

"बहुतेक लागलंच नाही."

ते तो उभा होता तिथे गेले. मोजत गेले. ब्याण्णव पावलं, त्यांच्या पावलांनी. वाकून एक पान उचललं आणि माझ्यापुढे धरलं. पानावरचं रक्त पातळ होतं, त्यात चावलेल्या हरभऱ्याचा हिरवा चोथा.

"पोटात," ते म्हणाले. "बसा आता."

"बसा? अहो, तो चालला."

"आत्ता मागे लागलो तर दहा मैल पळेल. बसलो तर तोही बसेल. पोटातला लवकर मरत नाही, पाटील. दोन दिवससुद्धा घेतो."

आम्ही तासभर बसलो. माझ्या आयुष्यातला इतका लांब तास दुसरा नाही, आणि मी सरकारी नोकरीत आहे.

मग माग काढत निघालो, भिका नाना बरोबर. कपाशीतून, नाल्यातून, परत वर. कुठे पानावर एक थेंब, कुठे खुराचा ओढलेला माग. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही आमच्या शेवटच्या बांधाशी पोचलो, आणि पलीकडे तीस पावलांवर बाभळीखाली तो बसलेला दिसला. मान वर होती. आमच्याकडे बघितलं, उठायचा प्रयत्न केला, मागचा भाग उठेना.

मिस्त्री बांधावर थांबले. परवानगी धुळे जिल्ह्यातल्या आमच्या शिवारापुरती होती. रोही जळगाव जिल्ह्यात बसला होता.

त्यांनी आमच्या वनपालांना फोन केला. वनपालांनी पलीकडच्या साहेबांचा नंबर दिला. त्या साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि नियम सांगितला: अर्ज द्या, उद्या सकाळपर्यंत परवानगी काढतो, त्याआधी बार काढू नका. ते चुकीचं काहीच बोलले नाहीत. मिस्त्री "जी" म्हणाले आणि फोन ठेवून बांधावर बसले.

मी सांगितलं, "मिस्त्री, मारून टाका. कोण बघतंय?"

पुढच्या महिन्यात त्यांच्या रायफलचा परवाना नूतनीकरणाला जायचा होता, ते मला माहीत होतं. बिनपरवानगी एक बार निघाला, तर रायफल जाणार, हेही. ते रोहीकडे बघत बसले होते. तो मधूनमधून मान टेकवायचा आणि दचकून पुन्हा वर करायचा. एक कावळा बाभळीवर येऊन बसला. मग दुसरा.

अर्ध्या तासाने मिस्त्री उठले. "घड्याळ बघा. वेळ लिहून ठेवा." बांध ओलांडला, वळसा घालून गेले, रोहीच्या मागे माती येईल असे उभे राहिले आणि एकच बार काढला.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग लगेच अक्कल सुचली. भिका नानांनाही तीच सुचली होती. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं. "मिस्त्री, तीस पावलं ते शेत. वढी लेऊत बांधना आथा. कोन देखस?"

शेजारच्या वावरातले आणखी तिघं जमले होते, तेही तयार. पाच माणसं, दोन दोरखंड, दहा मिनिटांचं काम. रोही ओढून बांधाच्या अलीकडे आणला की सगळं कायद्यात बसत होतं. मी तर मागचा पाय धरलाही होता.

मिस्त्री म्हणाले, "रगत बठ्ठं आठे पडेल शे, नाना. ते बी वढशी का?" आणि मग माझ्याकडे वळून, "पाय सोडा, पाटील."

"तुमचा परवाना जाईल."

"पाय सोडा."

मी सोडला.

वनपाल आले, पलीकडचेही आले. दोन जिल्ह्यांचे दोन पंचनामे झाले. मिस्त्रींनी स्वतः गट नंबर विचारून लिहून घ्यायला लावला, बांधापासूनची पावलं मोजून सांगितली, आणि माझ्याकडून वेळ वाचून घेतली. पहिला बार कोणाचा, असं विचारल्यावर मी घसा साफ करत होतो तेवढ्यात ते म्हणाले, "यांचा. पण काडतूस मी दिलं होतं. तेही लिहा." वनपालांनी पेन थांबवून विचारलं, "ते कशाला?" मिस्त्री म्हणाले, "ज्याचा हात अजून तयार नव्हता त्याला मी हत्यार दिलं. चूक तिथून चालू झाली."

त्या वाक्यावर मला राग यायला हवा होता. चिंचोक्यांचे तीन महिने, दोन हंगाम, आणि हात तयार नाही. पण ब्याण्णव पावलं त्यांनी माझ्यासमोरच मोजली होती.

चौकशी धुळ्यात झाली. साक्षीदार म्हणून मीही होतो. अधिकारी समंजस होते, कागद नीट वाचून आले होते. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, माग काढताना माणूस खाली बघून चालतो. हद्द कधी ओलांडली ते लक्षात आलं नसेल, असं झालं का?"

मी टेबलाखालून मिस्त्रींच्या पायावर पाय दिला.

"लक्षात होतं, साहेब," मिस्त्री म्हणाले. "बांधावर अर्धा तास बसलो होतो."

"पुन्हा अशी वेळ आली तर?"

ते थोडा वेळ विचार करत राहिले. खोटं शोधत नव्हते, खरंच विचार करत होते. "परवानगी असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "पण जनावर उद्यापर्यंत थांबू शकत नव्हतं. तेव्हा तसंच करीन."

मिस्त्रींच्या परवान्याचं नूतनीकरण नामंजूर झालं. माझा परवाना त्याच महिन्यात नूतनीकरणाला गेला आणि एकही प्रश्न न विचारता परत आला. मी कोणताच नियम मोडला नव्हता. माझा बार, परवानगीच्या कागदाप्रमाणे, अगदी बिनचूक होता. हे मी मिस्त्रींना दुकानात जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी पंपाची नळी डोळ्याला लावून आरपार बघितलं आणि म्हणाले, "मुबारक." टोमणा होता की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची होती. त्यांच्याकडे सायकल, म्हणून मी स्कूटरवर घेऊन गेलो. रायफल कापडात गुंडाळून त्यांनी मांडीवर आडवी धरली होती. ठाण्यात हवालदार जेवणाचा डबा उघडून बसला होता. त्याने मिस्त्रींना ओळखलं. "या चाचा. ठेवा तिथे कोपऱ्यात, पावती देतो."

मिस्त्रींनी कापड सोडलं, बोल्ट मागे ओढला आणि रायफल त्याच्यासमोर धरली. "रिकामी आहे. बघून घ्या."

"अहो चाचा, तुम्ही आणली म्हणजे रिकामीच असणार."

"मी बघितलं. तुम्ही नाही बघितलं."

"जेवतोय हो."

"हात धुवा. मी थांबतो."

हवालदार माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही, म्हणून तो उठला. नळावर हात धुतला, पँटला पुसला आणि मिस्त्रींनी दाखवल्या जागी आत बोट घातलं. मिस्त्रींनी विचारलं, "काय लागलं?"

"काही नाही."

"आता लिहा."

त्यांनी पावती वाचली, चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि रायफल ठेवलेल्या कोपऱ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेले. मी स्कूटर काढेपर्यंत ते चालायला लागले होते. हाक मारली तर मागे न वळता त्यांनी हात वर केला, जा म्हणून. दुकानापर्यंतचा रस्ता बराच आहे, आणि उन्हाचं एवढं चालायचं त्यांचं वय राहिलेलं नव्हतं. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नसावं. एकदा पाठीमागे बांधले, मग सोडले, मग पुन्हा बांधले, आणि तसेच ते रिक्षांच्या गर्दीत शिरले.